बाइंडरच्या घरातला पास्त्याचा चरक

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर जेवण आटोपून, हात धुऊन, निवांत बसा. आणि कोणाचे पोट आधीच ढवळत असेल त्याने सरळ उठून जावे. मला राग येणार नाही. मी पास्ता लाटायचा एक जुना चरक आहे. पोलादाचे दोन रूळ, फिरवायला एक हँडल, टेबलाच्या कडेला आवळून धरणारा एक स्क्रू, आणि पट्टी जाड हवी की पातळ हे ठरवणारा एक ते सात आकड्यांचा खटका, एवढाच माझा संसार. इतक्या साध्या वस्तूने स्वतःचे चरित्र सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. अजूनही खात्री नाही. पण माझ्या पोटात जे सडले ते बोलून टाकल्याशिवाय माझी मळमळ थांबणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली पहिली आठवण तेलाची. काळे, चिकट, कुणाच्या तरी घामट बनियनच्या चिंधीने फासलेले. मग दुकानात काचेआड दीड वर्ष गेले. येणारा जाणारा माझ्या रुळांत बोट घालून पाही. त्या बोटांवर काय काय असे ते मी सांगत नाही. मला तेव्हापासूनच किळस फार.

एके दिवशी दुकानात एक हडकुळा, चष्मा लावलेला माणूस आला. तो बाइंडर होता, म्हणजे फाटकी पुस्तके शिवून, खळ लावून बांधून देणारा. त्याला वाटले, मी कागद दाबायचे छोटे यंत्र आहे. दुकानदाराला विचारले असते तर उलगडा झाला असता, पण अनोळखी माणसाशी बोलायला तो फार बुजे. त्याने मुकाट्याने मला विकत घेतले. घरी त्याच्या बायकोने खोके उलटसुलट करून पाहिले.

“अहो, हे खाण्याचं मशीन आहे!”

“खाण्याचं?”

“यातून पास्ता निघतो. हे बघा, चित्र काढलंय.”

“मला वाटलं, त्या कागदाच्या पट्ट्या आहेत.”

“मग जा आणि परत देऊन या.”

“नको. दुकानदार हसेल.”

अशा रीतीने, केवळ दुकानदार हसेल या भीतीने, बाइंडर पास्ता करायला शिकला. नाहीतर माझ्या रुळांतून आयुष्यभर खळ लावलेले कागद गेले असते. त्या कल्पनेनेही मला शिसारी येते.

खोक्यातल्या कागदावर लिहिले होते की यंत्राला पाणी लावू नये. हे बाइंडरला लगेच पटले. पुस्तकालाही पाणी चालत नाही. पहिल्या दिवशी त्याने पिठाचे तीन गोळे माझ्यातून काढून फेकून दिले, तेव्हा कारखान्याचे तेल निघाले. पुढे दर शनिवारी संध्याकाळी मी टेबलाला आवळला जाऊ लागलो. मैदा आणि अंडी मळून झाली की गोळा खटक्याच्या एकवर जाई, मग दोनवर, मग तीनवर. टेबलावर काचेखाली छापखान्यातला एक छापील कागद ठेवलेला असे. बाइंडर लाटलेली पट्टी त्या काचेवर पसरी. पट्टीतून अक्षरे वाचता आली की म्हणे, “झाली.” नाही आली तर आणखी एक आकडा पुढे.

तिकडे चुलीवर लसूण मंद आचेवर तेलात उतरत असे. टोमॅटोचा सॉस तासभर रटरटे आणि खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या होत. मुलगी चीज किसता किसता निम्मे तोंडात टाकी. ती दोन्ही गालांत खाऊ साठवून ठेवी, म्हणून तिला घरात खार म्हणत. बाइंडरची मोठी बहीण, म्हणजे खारीची आत्या, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेऊन येई. जेवणे झाली की बाइंडर बांधायला आलेल्या एखाद्या पुस्तकाचा सुटा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, काढून मोठ्याने वाचायचा. सोळावे पान संपले की गोष्ट वाक्याच्या मध्येच तुटायची. पुढे काय झाले ते ज्याने त्याने आपल्या मनाने सांगायचे. आत्याच्या गोष्टीत शेवटी सगळे मरत. पांघरुणे गुडघ्यांवर ओढून सगळे हसत बसत. घराबाहेर एरवी चार शब्द न बोलणारा तो माणूस त्या संध्याकाळी भरभरून बोले.

आणि निजण्याआधी तो माझ्याजवळ येई, कोरड्या ब्रशने मला झाडी, आणि रुळांना नाक लावून हुंगे. जरा जरी आंबूस वास आला तरी स्क्रू सोडवून मला उघडी. मित्रांनो, माझी सगळी निगा त्या एका नाकावर चालली होती. तेरा वर्षे मी आतून चकचकीत होतो.

मग एका हिवाळ्यात बाइंडरला ताप आला. ताप उतरला, पण नाकाची वास घेण्याची शक्ती गेली. डॉक्टर म्हणाले, “येईल हळूहळू. कदाचित नाहीही येणार.” बाइंडरला चामड्याचा वास येईना, खळीचा येईना, नव्या कागदाचा येईना. तो कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागला. महिनाभराने एकदाच त्याने मान वर केली.

“शनिवारचं मी बंद करणार नाही. हात शाबूत आहेत ना माझे?”

त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेव्हा बायकोने आणि खारीने ठरवले, की याला काही म्हणायचे नाही. हा स्वयंपाक सुटला तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल, ही त्यांची भीती होती. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही.

तिसऱ्याच शनिवारी त्याने एक नासके अंडे फोडले. पिवळे आणि पांढरे एकजीव झालेले, करड्या रंगाचे पाणी. दिव्याच्या मंद उजेडात त्याला ते वेगळे दिसले नाही. दारात उभ्या असलेल्या बायकोचा हात झटकन नाकाकडे गेला. तेवढ्यात त्याने मागे वळून पाहिले, आणि तो हात नाकावरून केसांकडे सरकला.

“कसं दिसतंय?”

“छान,” ती म्हणाली.

ते अंडे मळलेले पीठ माझ्यातून सात वेळा गेले. आकडा जसा वाढे तशी ती घाण माझ्या अंगाला जास्त पातळ आणि जास्त घट्ट चिकटे. मला ओकता येत असते तर मी त्याच क्षणी ओकलो असतो.

पुढे काय झाले ते तुम्ही ओळखले असेल. बाइंडर मला ब्रशने झाडी, सवयीने हुंगेही, आणि समाधानाने मान हलवून ठेवून देई. रुळांच्या मागे पीठ खरवडणारी एक पट्टी असते. तिच्यामागे ओले पीठ साठत गेले. ते आंबले, मग शेवाळासारखे हिरवे झाले, मग त्यावर केस उगवले. त्यात कुठूनसा एक पिठातला पतंग शिरला आणि अंडी घालून गेला. आता माझ्या पोटात जाळी होती आणि जाळीत वळवळ होती. बाटलीतले तेल खवट झाले होते, चीज आतून सडले होते. बाइंडर मात्र घाम पुसत ताटे वाढी आणि तोंडांकडे आशेने पाही.

“कसा झालाय?”

“वा!” बायको म्हणे आणि घास पाण्याबरोबर गिळी. खार घास गालात साठवी आणि संडासात जाऊन थुंकून येई. आत्याने तर कहर केला.

“अरे, काय चव उतरलीय तुझ्या हाताला! वाढ अजून.”

आणि बाइंडर आत वळताच ती भावजयीच्या कानाशी लागली. “अगं, हे आहे काय? उंदीर मेलाय का यात?”

“हळू बोला, वन्सं. ऐकतील ते.”

“मग तू सांगत का नाहीस?”

“तुम्ही सांगा ना. तुम्ही मोठ्या आहात.”

“मी? दोनदा वाढून घेतलं मी! आता कुठल्या तोंडाने सांगू?”

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला कौतुकाची हाव असते, हे मी लपवत नाही. पण त्या दिवसांतले प्रत्येक “वा” माझ्या अंगावर त्या करड्या पाण्यासारखे चिकटले. मला अळ्यांची किळस होतीच. स्वतःची त्याहून जास्त. आणि त्या गोड बोलण्याची सगळ्यांत जास्त. तिघीही प्रेमानेच बोलत होत्या, म्हणून तर ते अधिकच घाण वाटे.

हे सात महिने चालले.

मग तो शनिवार आला. बाइंडरने सहावर लाटलेली पट्टी काचेवर पसरली आणि वाचायला वाकला. वाकला आणि तसाच थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“खारे, इकडे ये गं. हे अक्षर चालतंय.”

खार जागची हलली नाही. माझ्या खरवडणीतून पडलेली एक पांढरट अळी त्या पट्टीवरून एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर चालली होती. बाइंडरने मला टेबलावरून सोडवले, उलटे केले आणि तळहाताने एक चापट मारली. काचेवर काय काय पडले ते मी मोजले नाही. लाजेने मला भुईत गडप व्हावेसे वाटले.

मग त्याने मान वर केली, आणि तिघींचे चेहरे पाहिले. एकीच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

“तुम्हाला वास येत होता,” तो म्हणाला.

आत्याने हातातली पावाची पिशवी खाली ठेवली.

“किती दिवसांपासून?”

“बाबा, उन्हाळ्याच्याही आधीपासून,” खार म्हणाली आणि रडू लागली.

“अहो, तुमचा आनंद मोडवेना हो आम्हाला.”

“आनंद? मी तुम्हाला घाण खाऊ घालत होतो. माझ्या मुलीला! आणि तुम्ही ‘वाढा अजून’ म्हणत होतात.”

“अरे, तसं काही अगदीच वाईट—” आत्याने सुरुवात केली.

“ताई, तू तर बोलूच नकोस.” आयुष्यात पहिल्यांदाच तो बहिणीवर ओरडला. मग एकदम आवाज खाली आला. “अळीची नाही वाटत मला किळस. आता तुम्ही जे जे छान म्हणाल, त्यातलं खरं काय ते मला कसं कळणार?”

त्याने मला रद्दी कागदात गुंडाळले आणि बेसिनखालच्या कप्प्यात, फिनाइलच्या बाटलीमागे ढकलून दिले.

तिथे मी पाच शनिवार काढले. पाइपातून थेंब थेंब सांडपाणी गळे. झुरळे रद्दीत शिरून माझ्या रुळांवरून हिंडत. आतली मेजवानी त्यांना चांगलीच मानवली. घरातले बोलणे मला ऐकू येई, म्हणजे बोलणे नसल्याचे ऐकू येई. बाइंडर उभ्या उभ्या कोरडी बिस्किटे खाई. “यात सडण्यासारखं काही नाही,” एवढेच म्हणे. बायको आणि खार आपापल्या कोपऱ्यात ताट घेऊन बसत. आत्या यायची बंद झाली. फर्मे येत आणि कोणी न वाचता बांधून परत जात.

सहाव्या शनिवारी कप्प्याचे दार उघडले. बायकोने नाकाला पदर लावून मला ओढून काढले आणि बाइंडरच्या समोर टेबलावर आपटले. शेजारी पेचकस ठेवला.

“याला घाण वास येतोय. सहन होत नाहीये,” ती म्हणाली. “मला एकटीला उघडता येणार नाही.”

बाइंडरने हातातले बिस्किट बाजूला ठेवले. मग पेचकस उचलला.

मला उघडायला दोन तास लागले. कागदाच्या घड्या दाबायची त्याची हाडाची चपटी पट्टी होती, तिने त्याने माझी एकेक फट खरवडली. जाळी निघाली, काळे पापुद्रे निघाले, झुरळाचा एक पाय निघाला. खार जुन्या वर्तमानपत्रावर ते गोळा करून तोंड फिरवी, पण जागेवरून हलली नाही. मग पिठाचे गोळे माझ्यातून गेले. पहिला काळा निघाला, दुसरा करडा, तिसरा पिवळट. चौथा पांढरा दिसला. तेव्हा बाइंडरने मला दोन्ही हातांनी उचलले आणि बायकोच्या तोंडासमोर धरले.

“हुंग.”

तिने आधी माझ्याकडे पाहिलेच नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. “छान आहे आता,” ती पटकन म्हणाली.

“माझ्या तोंडाकडे नको बघू. याला हुंग.”

ती वाकली. तिचे नाक माझ्या रुळांना लागले. क्षणभर ती तशीच राहिली, आणि मग तिचे सगळे तोंड वेडेवाकडे झाले.

“शी!”

बाइंडर दचकला. मग इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या मिशा हलल्या. “खारे,” तो म्हणाला, “आणखी मैदा काढ.”

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी स्वच्छ नाही. अजूनही दमट दिवसांत माझ्या एका कोपऱ्यातून तो जुना वास उठतो, आणि माझीच मला लाज वाटते. तरी एवढे मागतो. आमच्यासारख्या वस्तूंना वापरून झाल्यावर उघडून पाहत जा. वरून चकाकतो तो आतून चांगला असेलच असे नाही. आणि तुमच्यासाठी जो कोणी रांधतो, त्याच्या ताटाला वास आला तर त्याला तो सांगा. मला आयुष्यात कौतुक पुष्कळ मिळाले. त्यातले त्या सात महिन्यांतले सगळे मी खरवडून टाकले आहे. ती एक “शी” तेवढी ठेवली आहे.