उपदेशानंतरचा हात

वोल्टरने लाकडी जोडे चर्चच्या दारात काढले आणि पायमोज्यांनिशीच आत पाऊल टाकलं. एकोणीस वर्षांनी. माना वळल्या, पण बाकावर कुणी सरकेना. तो भिंतीला टेकून उभा राहिला, उजवा हात कोटाच्या खिशात घालून.

समोर पाळक फेनेमांची शवपेटी होती. याच माणसाने सगळ्यांना हॉलंडातून जहाजात घालून मिशिगनच्या या जंगलात आणलं, गाव वसवलं. वोल्टर तेव्हा मंडळीचा वडील होता, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा, लोकांनी नेमलेला पंच. रीत अशी, की उपदेश संपवून पाळक व्यासपीठावरून उतरले, की पायरीपाशी वडिलाने त्यांचा हात हातात घ्यायचा. म्हणजे, सांगितलंत ते आम्हाला मान्य.

दुसऱ्या हिवाळ्यात तापाने घरटी एक माणूस नेलं. वोल्टरच्या बायकोला, यांतीनला पुरून चार दिवस झाले नव्हते, तोच पाळक उपदेशात म्हणाले, हा ताप म्हणजे आपल्याच पापांची शिक्षा. खाली उतरून त्यांनी हात पुढे केला. वोल्टरने आपला खिशात घातला आणि सगळ्यांदेखत चालता झाला. तेव्हापासून तळ्यापलीकडच्या झोपडीत तो एकटा. रविवारी स्तोत्र एकट्यानेच म्हणायचं, आमेनही एकट्यानेच. आपलाच आवाज ऐकून माणूस किती कंटाळतो, ते त्याला विचारावं.

पुरुष पेटी घेऊन दफनभूमीकडे निघाले. रीतीप्रमाणे बायका मागे राहिल्या. वोल्टरही राहिला. त्याला कुणी चल म्हटलंच नव्हतं.

पाळकांची बायको आल्त्ये काळी शाल सावरत त्याच्यासमोर आली.

"आलास होय? मला वाटलं, आजही रुसून बसशील."

"भांडायला नाही आलो, वहिनी."

"मग कशाला आलास?"

वोल्टर खाली पायमोज्यांकडे बघत राहिला.

"त्या दिवशी ते जेवले नाहीत," आल्त्ये म्हणाली. "मी म्हटलं, चुकलात, जा, वोल्टरची माफी मागा. तर म्हणे, व्यासपीठावरचं बोलणं मागच्या दाराने कसं परत घेऊ? तुम्ही दोघे एकाच माळेचे मणी!" तिने डोळे पुसले. "पण दर रविवारी उतरले की पायरीपाशी थांबायचे. हात पुढे, समोर कुणी नाही. नवे वडील आपले बाजूला ताटकळत. मी बाकावरून मोजायची. बरोबर दहापर्यंत. मग त्या नव्या वडिलांचा हात घ्यायचे. लोकांना वाटायचं, पाळकांचे गुडघे धरलेत."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू दार उघडलं असतंस?"

आल्त्ये कॉफीचं बघायला निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या बायकाही गेल्या.

चर्च रिकामं झालं. बाहेर घंटा वाजू लागली, म्हणजे पेटी खड्ड्यात उतरत होती. वोल्टर पायरीपाशी गेला. खिशातला हात काढून त्याने पुढे धरला.

त्याने मनात दहापर्यंत मोजलं. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली.