हाकेवाडीचा हिरवा खांब

ज्ञानेश्वरीने प्रिंटरमधून चार्टचा कागद ओढला आणि समोर बसलेल्या अजिनाथकाकांपुढे धरला. हाकेवाडीहून दोन एसट्या बदलून तिचे हे सख्खे चुलते औरंगाबादच्या कलेक्टर कचेरीत, ती काम करते त्या टंचाई शाखेत आले होते आणि खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते. टँकर बंद झाला म्हणे. असं होणंच शक्य नाही, हे ती त्यांना दाखवणार होती.

"हे बघा काका, लाल खांब म्हणजे टँकर पाहिजे, हिरवा म्हणजे पाणी आहे. आपली वाडी..."

तिचं बोट शेवटच्या खांबावर थबकलं. हाकेवाडी हिरवी होती.

"व्हय, डायवर बी तेच म्हनला. कागदावर तुमी हिरवे. आठ दिस झाले."

रंग तिनेच भरले होते. कॉम्प्युटर आपल्या मनाने सगळे खांब निळे काढतो. साहेबांना निळ्यातून काही उमगेना, म्हणून तिने बावीस गावं एकेक करून हाताने रंगवली. शाबासकी मिळाली. मग साहेब म्हणाले, गावं लोकसंख्येप्रमाणे नकोत, अकारविल्हे लावा. तिने लावली. गावं हलली, रंग मात्र जागच्या जागी राहिले. हाकेवाडीच्या लाल खांबाखाली भरल्या विहिरींचं गाव येऊन बसलं आणि हाकेवाडी गेली शेवटी, हिरव्यात. एकदा नजर फिरवली असती तरी दिसलं असतं. पण त्या दिवशी तिला घाई होती. गारखेड्यातल्या तिच्या फ्लॅटवर नवा सोफा येणार होता. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, सोफा!

"मला एक फोन तरी करायचा, काका."



"बाया दोन कोसावरनं पानी आनत्यात. आपली भामाबाई घसरली, हात मोडला तिचा. लोकं म्हनली, वरती अर्ज देऊ. मीच नगं म्हनलं. आपली पोर हाये तिथं, तिला साहेबापुढं मान खाली घालाया लागंल."

लाजेने तिचे कान तापले. तिने शेवटच्या खांबावर क्लिक केलं, तो लाल केला. मग वरपासून एकेक गाव यादीशी ताडून सगळेच रंग नीट केले.

"उद्या सकाळी टँकर येईल, काका."

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. तिने जुना आणि आत्ता छापलेला नवा, असे दोन्ही कागद पुढे केले.

"अहो मॅडम, आठ दिवस? हे झालं कसं?"

"सर, ते रंग..." ती स्क्रीनकडे वळली. "रंग आपोआप बदलले."

काका लगबगीने उठले, त्यांनी हात जोडले.

"साहेब, पोरीला बोलू नका. मशीनच ती, तिला काय म्हाईत वाडी कुठली? हिच्या हातनं असतं तर असं झालं नसतं."

ज्ञानेश्वरीने स्क्रीनकडे बघत होकारार्थी मान हलवली.