एकुलती एक

दुबईतल्या अल कुसैस भागातल्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये रविवार नेहमीसारखाच उजाडला. राजन बाल्कनीत फोनवर जबल अलीच्या गोदामातल्या कुणाला तरी सूचना देत होते. साधनाताई हॉलचे पडदे बदलत होत्या. टेबलाशी बसून शुभ्रा चमचे लावत होती, मोठे एकीकडे, लहान एकीकडे. सत्तावीस वर्षांच्या शुभ्राला हे काम फार आवडे. जन्मापासून तिची समज हळू चाले. बोलणं चार शब्दांच्या पुढे सहसा जात नसे. तिला शाळेतून काढल्यावर घराबाहेर नेणं हळूहळू बंदच झालं होतं.

तिची धाकटी बहीण मिहिका शारजात जन्मलेली, तिथेच शिकून नर्स झालेली. दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये नोकरी केल्यावर यंदा तिने लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंगच्या, म्हणजे शुभ्रासारख्यांच्याच शुश्रूषेच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. जागा थोड्या होत्या. प्रवेशासाठी निबंध लिहायचा होता आणि मिहिकाने तो शुभ्रावर लिहिला. दुखत असलं की ती स्वतःचा कान कसा ओढते, लिफ्टमध्ये शेजारणी आपली मुलं कशी जवळ ओढून घेतात, सगळं लिहिलं. मुलाखतीत समोरच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मिहिकाला जागा मिळाली.

त्याच महिन्यात साधनाताईंनी तिचा लग्नाचा बायोडेटा केला. त्यात लिहिलं होतं, ‘भावंडे: नाहीत.’ मिहिकाने तो वाचला, फोटो बदलायला सांगितला आणि परत पाठवला.

अभ्यासक्रमात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की सत्तावीस वर्षांची बाई ही सत्तावीस वर्षांचीच असते, तिला लहान मूल समजू नये. आणि ज्याला सांगता येत नाही त्याचं वागणं किंवा झोप बदलली की आधी शरीरात काय चाललंय ते पाहावं. तेव्हा मिहिकाच्या लक्षात आलं होतं की घरी पाहुणे आले की शुभ्रा हटकून झोपलेली असते. ती झोपही साधी नसे. जीभ जड, अंथरूण ओलं. तिने आईला विचारलं. गडबडीने दमते ती, असं आई म्हणाली. मिहिकाला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

त्या रविवारी संध्याकाळी मिहिकाला बघायला अबुधाबीहून निनाद आणि त्याची आई उर्मिलाताई यायचे होते. मिहिका आत साडी नेसत असताना साधनाताईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. सर्दीवरचं झोप आणणारं औषध त्यांनी श्रीखंडात कालवलं. एरवी त्या दोन चमचे घालत. आज पाहुणे जेवायला थांबणार होते, म्हणून चार घातले. राजन पाणी प्यायला आत आले, त्यांनी बाटली पाहिली आणि बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. शुभ्राने वाटी निपटून खाल्ली. तिला आतल्या खोलीत निजवून साधनाताईंनी बाहेरून कडी घातली.

पाहुणे चांगले होते. निनाद बँकेत होता, सावकाश आणि नम्रपणे बोलायचा. मिहिका पुढे काय शिकतेय हे कळल्यावर तो म्हणाला, की आयसीयूमध्ये स्कोप जास्त आहे, हे मध्येच का? उर्मिलाताईंनी त्याला हसून दुजोरा दिला.

“तसल्या मुलांचं करायचं म्हणजे घाणच काढायची ना गं दिवसभर? शिकलेल्या मुलीने कशाला?”

साधनाताईही हसल्या. लग्न झाल्यावर सोडेल ती, असं त्यांनी सांगून टाकलं. मिहिकाने ढोकळ्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

तेवढ्यात आतून आवाज आला. कुणी घोरावं तसा, पण ओला. वॉर्डमध्ये मिहिकाने तो ऐकलेला होता. ती उठली. आईने तिचा पदर धरला तो सोडवून तिने कडी काढली.

शुभ्रा उताणी पडली होती. तोंडातून श्रीखंड आणि आंबट ओकारी गळ्याकडे ओघळत होती, ओठ निळे पडत होते. मिहिकाने तिला कुशीवर वळवलं, बोटं घालून तोंड साफ केलं आणि वडिलांना अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. राजन जागचे हलले नाहीत. फोन शेवटी निनादने लावला.

उर्मिलाताई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. “हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही,” असं म्हणून त्या चपला शोधू लागल्या. साधनाताई त्यांच्या मागे धावल्या आणि सांगू लागल्या, की ती गावाकडची, चुलत नात्यातली आहे, उपचारांसाठी आलीय. आपल्या पोटच्या मुलीबद्दल आई हे जिन्यापर्यंत सांगत गेली. मिहिकाचे हात कोपरापर्यंत माखले होते. त्या घाणीचं तिला काहीच वाटलं नाही. बाहेरचं ते गोड, पाठांतर केलेलं बोलणं ऐकून मात्र तिला किळस आली. बायोडेटा आठवला आणि आपलीही तेवढीच किळस आली.

हॉस्पिटलमध्ये शुभ्राचा श्वास तासाभराने ठिकाणावर आला. डॉक्टर फिरदोस बाहेर येण्याआधी राजननी मिहिकाला बाजूला घेतलं. केस झाली तर आईला बोलावतील, कंपनीत कळेल, व्हिसाचं काय होईल, असं ते एका दमात बोलले.

“सांग, तिनेच बाटली उघडून प्यायली. तिला कुठे सांगता येतंय?”

डॉक्टर आल्या. “इसको क्या दिया था? किसने दिया?”

बाकावर साधनाताई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. मिहिकाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग सांगितलं.

“माँ ने. सर्दी की दवा, नींद वाली, चार चम्मच से कम नहीं. बरसों से देती हैं. मैं नर्स हूँ, मुझे शक था. मैं चुप रही.”

चमच्यांचा आकडा तिने निघताना स्वयंपाकघरातून उचललेली नवी बाटली किती रिकामी झालीय ते पाहून काढला होता. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि समाजसेवा विभागाला फोन लावला. राजन लेकीकडे न बघता जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभ्राने डोळे उघडले. आधी तिने कान ओढला, मग मिहिकाला ओळखलं.

“पाहुणे गेले?”

गेले, मिहिका म्हणाली. आता कुणीही आलं तरी तू बाहेर आमच्यात बसायचं, असंही म्हणाली. शुभ्राला ते पसंत पडलं नाही. तिने बराच वेळ शब्द जुळवले.

“नको. मी कडू खाते. झोपते. मग मिहूचं लग्न होतं. आईने सांगितलंय.”

पडद्यापलीकडे साधनाताईंची पावलं थांबली. त्यांना समाजसेविकेने चौकशीला बोलावलं होतं, त्या तशाच उभ्या राहिल्या.

“तू झोपून होणारं लग्न मला नको,” मिहिका म्हणाली. शुभ्राला ते कळलं नाही. मिहिकाने तिचा हात धरून, शिकल्याप्रमाणे, लहान वाक्यांत पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही. म्हणून तिने तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तिन्ही वेळा साधनाताई पडद्याबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.