कतल्याचं मुंडकं

इस्तारीले तलावातले मासे आयकू येते. हासू नका, सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात कोनालेही इचारा. डोंग्यात बसते, बांबूचं एक टोक पान्यात बुडवते, दुसऱ्या टोकाले कान लावते, डोळे मिटते अन् सांगते, "इथी टाका जाल." आमच्या ढिवर मोहल्ल्याची रीत अशी, का उन्हाळ्यात तलावात जाल पडलं का ज्यानं जागा दाखवली त्याच्या घरी सगळ्यात मोठ्या माशाचं मुंडकं जाते. बाकी मासे मच्छीमार सोसायटीचे. कितीक वर्सं ते मुंडकं इस्तारीच्याच घरी गेलं. मी त्याचा साळा. त्याची बायको कुंता माही सख्खी बहीन, म्हनून मले सगळं मालूम.

औंदा जालाच्या आदल्या दिवशीच त्याचा जवाई आला. प्रफुल, आरमोरीचा. मयुरीचा नवरा. पोरगा सादा, बोलनं गोड. थैलीतून त्यानं संत्र्याएवढा एक गोळा काढला.

"मामाजी, हा पान्यावर सोडला का खाली आवाज मारते. आवाज माशाले लागून वापस येते, अन् मासा मोबाईलवर दिसते."

"आवाज मारते? मंग मासा पळत नाई का?"

"माशाले तो आयकू येत नाई."

"मले येते," इस्तारी म्हने, अन् उठून आंगनात गेला.

आंगनात मोहल्ला जमला होता. सोसायटीचा अध्यक्ष धनराज मोबाईल हातात घेऊन म्हने, "वा जवाई! इस्तारी, तू आता कानात तेल टाकून झोप!" सगळे हासले. कुंता त सगळ्यात जास्त हासली. तेच त्याले लागलं. दुसरा कोनी असता त इस्तारीनं गोळा विहिरीत फेकला असता. पन जवाईले काय बोलते? "चहा घ्या जवाई," म्हने, अन् कप असा ठेवला का अर्धा चहा बशीत.

मंग मले घरामांगं ओढलं. "साळेबुवा, ब्याटरीवर चालनाऱ्या गोट्याले मुंडकं देनार का हे लोक?"

"गोट्याले काऊन? जवाईले देतीन."

"तेच त म्हनून राह्यलो ना बे!"

सकाळी डोंग्यात आम्ही तिघं. समोर मी बांबूनं डोंगा ढकलून राह्यलो, मधात जवाई, मांगं आपला बांबू घेऊन इस्तारी. तलावाच्या बांधावर, पाळीवर, सारं गाव उभं. धानाले पानी सोडाचं तुडूम हाय ना, त्याच्याजवळ जवाईनं गोळा सोडला. मोबाईलवर एकाले एक लागून रेघा आल्या.

"मामाजी, पाहा! कतल्याची झुंड हाय वाटते."

इस्तारी कायले पाह्यते! त्याचा कान बांबूले. त्याचं तोंड मी ओळखतो. त्यालेही तेच आयकू आलं, तिथंच. पन आता 'इथी' म्हनलं त जागा कोनाची होनार? जवाईची.

त्यानं डोळे उघडले. "इथी काईच नाई. तिकडं चाला, मोहाच्या झाडाखाली."

अन् टाच डोंग्याच्या बुडाले हानली. धाड. धाड. मी वळून पाह्यलं.

"पायाले मुंग्या आल्या," म्हने, अन् माह्याकडे असे डोळे वटारले का मी गपचूप समोर पाह्यलं.

मोबाईलवरच्या रेघा गेल्या. जवाईचं तोंड उतरलं. मोहाखाली गेलो, गोळा सोडला, त रेघाच रेघा. टाचेच्या आवाजानं भेलेले मासे तिकडंच पळाले होते. ते काय त्या पोराच्या ध्यानात येते? तो डोंग्यात उभाच झाला अन् पाळीकडे वरडला, "मामाजी बरोबर! माही मशीन चुकली!"

जाल पडलं. एक कतला असा निघाला का दोघांनी उचलला. धनराजनं स्वता मुंडकं कापलं, पळसाच्या पानात बांधलं अन् इस्तारीच्या हातात ठेवलं. घर दोन पावलांवर, पन इस्तारी सारा मोहल्ला फिरून आला. जो भेटल त्याले पान उघडून दाखवे.

कुंतानं रस्सा केला. इस्तारी बाह्या वर करून बसला. कुंता आली, अन् अख्खं मुंडकं तिनं जवाईच्या ताटात ठेवलं.

"अवो, ते माहं..."

"जवाई घरी असतानी सासरा मुंडकं खाते का? काई लाज हाय का नाई?"

जवाईनं ताट सरकवलं. "नाई जी, हा मामाजीचा मान हाय. जागा त्यायनं दाखवली."

आता सगळे इस्तारीकडे पाहून राह्यले. मयुरी, कुंता, दारात उभा धनराज. जवाईले आग्रह सासऱ्यानंच करा लागते ना!

"खा ना जवाई," इस्तारी म्हने. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "तुम्ही खाल्लं का मी खाल्लं."

जवाई मोठ्याचा शब्द मोडनारा नाई. त्यानं जबडा फोडला, डोळा चोखला, आतलं सगळं बोटानं काढून खाल्लं. इस्तारीच्या ताटात शेपटीकडचा तुकडा. तो तसाच थंडा होऊन राह्यला.

"गजब चव जी, मामाजी! पुढच्या वर्सी जालाले आम्ही येतोच."

इस्तारीनं शेपटीतला काटा काढला, ताटाच्या कडेले ठेवला.

"काऊन जी," तो हळूच म्हने, "तुमच्या आरमोरीले तलाव नाई का?"