ज्याची त्याची बैठक

मावशीने त्या माणसाच्या मांडीखालची उशी हळूच काढून घेतली आणि खुर्ची पुढे सरकवली.

"डोळे उघडा," ती म्हणाली. "पाय जमिनीवर टेका. बूट घालायचेत? घाला."

माणूस वेल्डर होता, ध्यानाच्या वर्गात नवा. डोळे मिटून थोडा वेळ झाला नाही तोच तो घामाघूम झाला होता. छातीत धडधडतंय, म्हणत होता. वर्ग मावशीचा, पण सध्या तिच्या हाताखाली तिची भाची तो घेत होती. तिने त्याला जे सगळ्यांना सांगायची तेच सांगितलं होतं, शांत व्हा, श्वासावर लक्ष ठेवा. त्याने श्वासावर लक्ष ठेवलं आणि त्याला जास्तच गुदमरल्यासारखं झालं.

"मला नाही जमायचं हे, बाई," तो उठत म्हणाला.

"बसणं नाही जमत, चालणं तर जमतं ना? चला, मीही येते. माझेही गुडघे कुरकुरतायत."

दोघं बाहेरच्या लांब व्हरांड्यात गेली. दारातून भाचीला दिसत होतं. मावशी त्याच्या चालीने चालत होती. मध्येच त्याने भिंतीवर तळवा टेकवला, तशी तीही थांबली आणि तिनेही टेकवला. उपदेशाचा एक शब्द नाही. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. खुर्ची त्याने स्वतःच दाराजवळ ओढून घेतली.

भाचीचा चेहरा पडलेला पाहून मावशी कानाशी म्हणाली, "तू सांगितलंस ते चूक नव्हतं. त्यांच्यासाठी नव्हतं, एवढंच."

पुढच्या रांगेत दंतवैद्य बसत. वर्गात त्यांच्याइतका जुना कुणी नव्हता आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. पाठ ताठ, हनुवटी किंचित आत. वर्ग संपल्यावर ते मावशीकडे आले.

"हल्ली श्वासाचीही गरज पडत नाही मला. बसलो की थेट शांतता. विचार नाही, आवाज नाही, काहीच नाही."

भाचीने ओठ घट्ट मिटले. त्यांच्या घोरण्याने आज मागच्या दोन बायका हसून लाल झाल्या होत्या. मावशीने त्यांना बाजूला, खिडकीशी नेलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर, उद्यापासून डोळे अर्धे उघडे ठेवून बसा. तुमच्यासारख्या मुरलेल्यांना गुंगी आणि शांतता सारखीच वाटायला लागते. मीही त्यात बराच काळ फसले होते."

दंतवैद्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. मग स्वतःशीच हसले. "घोरलो का?"

"थोडंसं. सुरात होतं."

कुणाचा पाणउतारा नाही, खोटी शाबासकीही नाही. हे हिला कसं साधतं, असा प्रश्न भाचीला लहानपणापासून पडत आला होता. पुढे वर्ग तिलाच सांभाळायचा होता.

सगळे गेले. भाचीने सतरंज्या गुंडाळल्या, खिडक्या लावल्या आणि वळून पाहिलं. मावशी अजून खुर्चीतच होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"निघायचं ना?"

"जरा बस. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे ना, हॉस्पिटलचा फोन आल्यापासून मला ध्यानाला बसवत नाहीये."

"तुला?"

"मला. मिटते डोळे, की लगेच उघडते. आज तू सांग मला, काय करू?"

भाची गोंधळली. ओठांवर आलेलं प्रत्येक वाक्य मावशीचंच होतं. तेच तिला परत कसं द्यायचं? ती तिच्यासमोर सतरंजीवर बसली.

"कशाची भीती वाटते? दुखण्याची?"

मावशीने नकारार्थी मान हलवली.

"भुलीची," ती म्हणाली. "जन्मभर जागं राहायची सवय लावली गं मनाला. आता ते मला निजवणार. आणि तिथं मीच नसेन."

भाचीने धीर दिला नाही. सगळं नीट होईल, असंही म्हणाली नाही. मावशीचे हात गार पडले होते. ते तिने आपल्या हातांत घेतले.

"मावशी, घाबरलेलीच बस आज. भीती घालवायची नाही. मी इथेच आहे."

मावशीने तिच्याकडे पाहिलं, जरा नवलाने. मग डोळे मिटले. पापण्या थरथरत होत्या. उघडतील, असं भाचीला वाटलं. उघडल्या नाहीत.

"खांदे सैल सोड," भाची म्हणाली.

मावशीने निमूटपणे सोडले.