लाल कॅमेलिया

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मिचिकोबाई जपानी चित्रकला शिकवायच्या. शुभा तिथे जायची ती कलेच्या ओढीने वगैरे नव्हे, आठवड्यातून दोन तास घराबाहेर श्वास घ्यायला. घरी तिच्या नवऱ्याचा, गुरुनाथांचा, श्वासच आटत चालला होता. स्नायूंचा आजार. आधी बोटं गेली, मग पाय, आता जीभ जड झालेली. गळ्यात नळी घालून मशीनवर ठेवायचं का, हे डॉक्टरांना कळवायचं होतं. शुभाला मशीन हवं होतं. गुरुनाथ हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

वर्गात त्या दिवशी चित्रासाठी पाइनचं झाड होतं. पाइन म्हणजे दीर्घायुष्य, बाई म्हणाल्या. पण शुभाची नजर खिडकीबाहेरच्या कॅमेलियाच्या लाल फुलावर गेली आणि तिला थेट गणपतीची जास्वंद आठवली. मग कसलं पाइन आणि कसलं काय. तिने ते फूल जीव ओतून काढलं, गुरुनाथांच्या पलंगासमोर लावलं आणि गणपतीला साकडं घातलं, यांना हो म्हणायची बुद्धी दे.

पुढच्या वर्गात तिने हे हौसेने सांगितलं, तर बाईंचा चेहराच उतरला. आजाऱ्यापुढे हे फूल आम्ही नेत नाही, त्या चाचरत म्हणाल्या. बाकीची फुलं पाकळी पाकळी झडतात, हे अख्खंच्या अख्खं गळून पडतं. मान उडवल्यासारखं.

शुभा वर्ग अर्धवट सोडून निघाली. गाडी कशी चालवली ते तिचं तिला ठाऊक. घरात शिरली ती बूटही न काढता चित्र उतरवायला धावली. काय झालं, असं गुरुनाथांनी डोळ्यांनीच विचारलं, तेव्हा तिने स्वतःला शिव्या घालत, रडत सगळं सांगून टाकलं.

गुरुनाथ कितीतरी दिवसांनी हसले.

"राहू दे ते," एकेक शब्द ओढत ते म्हणाले. "मी पाकळी पाकळी झडतोय, शुभा. पुरे आता. अख्खं पडू दे मला."

"अहो, पण मशीनवर..."

"डॉक्टरांना फोन कर. नो म्हणून सांग."

तिला गणपतीचा राग आला, बाईंचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला. इतके दिवस यांना जे बोलता येत नव्हतं, ते तिनेच रंगवून समोर टांगलं होतं. आता त्यांना फोन धरवत नव्हता, म्हणजे नकारही तिनेच कळवायचा.

तिने नंबर लावला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं, आणि तिला आपलं नावसुद्धा सांगता येईना.