उंच कमानीचे पाय

आमच्या घराण्याचे पाय उंच कमानीचे. ओल्या पायानं चाललो तर फरशीवर नुसती टाच आणि चवडा उमटतो. हे मी जन्मभर मिरवलं. बूट आमच्याच कारखान्यात शिवले जातात. घरच्या माणसांचे मी स्वतः शिवते, घोट्यापाशी जाड चामडं दुहेरी घालून. आमच्यात कोणी कधी अडखळलं नाही.

नात शाळेत जायला लागली. शाळेचे बूट बाजारचे, तेच घालायची सक्ती. महिन्याभरात पोरीनं सारखं पडून दोन दात पाडून घेतले. मी सुनेला म्हटलं, "तुझ्या माहेरचं रक्तच पुचाट." जेवताना म्हटलं, दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. दोन वर्षं. शेवटी सून पोरीला घेऊन आईकडे निघून गेली.

पोर का पडते याची दवाखान्यात तपासणी सुनेनंच करवली. पोरीची झाली, मग मुलाची, मग मला बोलावणं आलं.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, बूट काढा." पायाशी बसून विचारायला लागली, "टोचतंय?"

"अगं, आधी टोच तरी."

"टोचतेच आहे."

आठवड्यानं रक्ताचा रिपोर्ट आला. माझी शाळा दुसरीपर्यंत, म्हणून तिनं सोपं करून सांगितलं. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसेवर वेष्टन असतं. त्यात एक प्रोटीन बसतं. ते बनवणारा जनुक माझ्याकडे एक जादा आहे. माझ्याकडून तो मुलाकडे गेला, त्याच्याकडून नातीकडे.

"जादा आहे ना? मग बिघडलं कुठं?"

"जादा मिठानं बिघडतं तसंच."

"मग आम्ही पडलो कसे नाही?"

तिनं माझा बूट उचलला, घोट्यापाशी दाबून पाहिला. "कोणी शिवला?"

"मी."

"या आजाराला आम्ही असेच बूट करून घ्यायला सांगतो. तुम्ही आजार बुटात झाकून ठेवलात, आजी."

बाहेर बाकावर सून आणि विहीणबाई बसल्या होत्या. मुलगा सांगायला पुढे झाला. त्याला मागे सारलं.

"माझ्याकडून आलंय," मी म्हटलं.

विहीणबाईंनी मान फिरवली. सून म्हणाली, "इथं कोण ऐकतंय, आई? दुकानात म्हणा."

शनिवारी दुकान भरलेलं असताना म्हटलं. एक बाई हसली. हसू दे.

सोमवारी सून पोरीला घेऊन आली. बॅग एकच आणली, बाकीचं सामान अजून आईकडेच.